चित्र पुढे, आवाज मागे

"प्रेसचा व्हिडिओ लगेच थांबवा. आवाज कुलूप लावा म्हणतोय आणि चित्रात माणूस दाब सोडायचा व्हॉल्व्ह उघडतोय."

फोन सुरक्षा प्रशिक्षण बघणाऱ्या सरांचा होता. तसा शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला होता आणि त्यात गैर काहीच नव्हतं. व्हिडिओ होते यंत्रांच्या लॉकआउट-टॅगआउटचे. दुरुस्तीला हात घालण्याआधी यंत्र बंद करायचं, वीज आणि बाकीचे ऊर्जास्रोत तोडायचे, प्रत्येक ठिकाणी आपलं कुलूप आणि नावाचा टॅग लावायचा, आत साठलेला दाब किंवा ताण मोकळा करायचा आणि मग यंत्र खरंच मेलंय ना याची खात्री करायची. या कामात क्रमच सगळं काही असतो. एक पायरी पुढे-मागे झाली तर हात जातो, जीवही जातो. शिकवणारा व्हिडिओच कानाला एक आणि डोळ्याला दुसरं सांगत असेल, तर तो नसलेला बरा.

मी लगेच सगळ्या व्हिडिओंचं वाटप थांबवायला सांगितलं आणि प्रेसचा, म्हणजे दाब देऊन धातूला आकार देणाऱ्या यंत्राचा, व्हिडिओ लावला. सुरुवातीला सगळं ठीक. तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत चित्र जरा लवकर येतंय असं वाटलं, पण खटकण्याइतकं नाही. मग कुलपाची पायरी आली. निवेदिका शेवटच्या वाक्यात सांगतेय, "आता आपलं कुलूप लावा आणि चावी स्वतःजवळ ठेवा," आणि पडद्यावर तोवर व्हॉल्व्हचं चाक फिरायला लागलेलं. मला अक्षरशः धस्स झालं.

हे व्हिडिओ आम्ही एडिटिंगच्या टाइमलाइनवर जोडत नाही, कोडमधून तयार करतो. रिमोशन नावाचं साधन आहे, त्यात व्हिडिओ वेबपानं बनवायला वापरतात त्या रिअ‍ॅक्टच्या कंपोनंटमध्ये, म्हणजे कोडच्या सुट्या भागांमध्ये, लिहायचा. शीर्षकाचा एक कंपोनंट, पायरीचा एक, धोक्याच्या सूचनेचा एक, शेवटच्या तपासणीचा एक. प्रत्येक यंत्राची माहिती वेगळ्या फाइलमध्ये असते: कोणत्या पायऱ्या, कोणतं चित्र, कोणती आवाजाची फाइल. तेच कंपोनंट, माहिती वेगळी, व्हिडिओ वेगळा. यंत्रं भरपूर आणि प्रत्येकाच्या पायऱ्या निराळ्या असल्या की ही पद्धत फार उपयोगी पडते. एखादी सूचना बदलली तरी हातानं पन्नास ठिकाणी दुरुस्त करावं लागत नाही.

या पद्धतीत 'वेळ' म्हणजे फक्त एक आकडा असतो. कंपोनंटला विचारता येतं की आत्ता कितवी फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं कितवं स्थिर चित्र, चालू आहे, आणि त्या आकड्यावरून त्यानं चित्र काढायचं. शून्याव्या फ्रेमला अपारदर्शकता शून्य, पंधराव्याला एक, मधल्या फ्रेमना मधलं काहीतरी. मागच्या फ्रेमला काय झालं याची आठवण ठेवायची नाही, कारण रेंडर करताना, म्हणजे कोडमधून अंतिम व्हिडिओ काढताना, फ्रेम ओळीनं काढल्या जातीलच असं नसतं. पडद्यामागे क्रोम ब्राउझर अनेक टॅबमध्ये एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमचे फोटो काढतो आणि नंतर एफएफएमपेग हे व्हिडिओचं साधन ते जोडतं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३६०० फोटो. म्हणूनच इथे सीएसएसची (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची) नेहमीची अ‍ॅनिमेशन चालत नाहीत, चित्र थरथरतं. साधा रँडम आकडासुद्धा 'सीड' म्हणजे सुरुवातीचं ठरावीक बीज देऊनच घ्यावा लागतो, नाहीतर दर टॅबमध्ये तो निराळा निघतो. सुरुवातीला ही शिस्त जाचक वाटते. पण एकदा अंगवळणी पडली की तिचा मोठा आधार वाटतो: १२३४वी फ्रेम आज जशी दिसते तशीच उद्याही दिसणार. चूक असेल तर ती नेमक्या जागी सापडते, आणि पुन्हा पुन्हा तिथेच सापडते.

त्या दिवशी हाच आधार कामी आला. माझी सहकारी सगळ्या यंत्रांचे व्हिडिओ शेवटाकडून बघत होती. तिनं हाक मारली, "तुम्ही जरा प्रेसचा शेवट बघा ना. चित्र संपतं, पण आवाज चालूच राहतो. पाच सेकंद नुसता रिकामा पडदा आहे."

"आणि ग्राइंडरचा?"

"दीड सेकंद."

प्रेसच्या व्हिडिओत ११ दृश्यं होती, म्हणजे मध्ये १० ट्रान्झिशन, एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे बदल. ग्राइंडरच्या ४ दृश्यांत ३. पाच सेकंद म्हणजे १५० फ्रेम, दीड सेकंद म्हणजे ४५. दोन्हीकडे भागाकार एकच आला, दर ट्रान्झिशनमागे १५ फ्रेम. आणि आमचं प्रत्येक फेड (एक चित्र विरत दुसरं उमटणं) नेमकं १५ फ्रेमचं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता कोडमध्ये कुठे बघायचं ते कळलं होतं.

झालं होतं ते असं. पहिल्या आवृत्तीत दृश्यं एकापाठोपाठ एक, सरळ कट करून लावलेली होती. आवाजाचा थर वेगळा होता. मागच्या सगळ्या दृश्यांच्या लांबीची बेरीज करायची आणि तिथे पुढचा आवाज सुरू करायचा. कट होते तोवर ही बेरीज अगदी बरोबर होती. पुढे चित्रं अंगावर येतात, जरा मऊ करा, अशी मागणी आली आणि दृश्यं ओळीनं लावणाऱ्या साध्या सिरीज कंपोनंटच्या जागी ट्रान्झिशनसिरीज आली. आता ट्रान्झिशन म्हणजे दोन दृश्यांच्या मधे घातलेला तुकडा नव्हे. जुनं दृश्य मावळत असतं त्याच फ्रेममध्ये नवं उगवत असतं, दोघंही एकाच वेळी पडद्यावर असतात. दोन फळ्या टोकाला एकमेकींवर चढवून ठोकल्या की जोडाची लांबी दोघींच्या बेरजेपेक्षा कमी भरते, तसंच हे. एकूण लांबी म्हणजे दृश्यांची बेरीज वजा ट्रान्झिशनची बेरीज. साधनाच्या माहितीपत्रकातही हे स्पष्ट दिलेलं आहे. चित्राचा थर या नियमानं आखडला, आवाजाचा थर आणि व्हिडिओची एकूण लांबी मात्र जुन्या बेरजेवरच राहिली.

म्हणून दर ट्रान्झिशनला चित्र अर्ध्या सेकंदानं पुढे जायचं. सातव्या दृश्याच्या आधी सहा ट्रान्झिशन झालेली असतात, म्हणजे तिथे चित्र ९० फ्रेम, पूर्ण तीन सेकंद पुढे. कुलपाच्या पायरीची शेवटची तीन सेकंद निवेदिका कुलपाबद्दल बोलत होती आणि पडद्यावर व्हॉल्व्ह होता. मंजुरीसाठी नमुना म्हणून गेला होता ग्राइंडरचा व्हिडिओ. त्यात फरक वाढून वाढून दीड सेकंद. आधी चित्र दिसावं आणि मग आवाज यावा, हे कुठल्याही माहितीपटात चालतंच, उलट छान वाटतं. म्हणून पाहणाऱ्यांना ते मुद्दामच केलेलं वाटलं असणार. प्रेसला ऊर्जास्रोत जास्त, वीज आहे, हायड्रॉलिक दाब आहे, वर उचललेल्या रॅमचं, म्हणजे दाबणाऱ्या जड भागाचं, वजन आहे. त्यामुळे पायऱ्या जास्त, ट्रान्झिशन जास्त, म्हणून घसरणही जास्त. जे यंत्र सगळ्यात घातक, त्याचाच व्हिडिओ सगळ्यात चुकलेला. हे मला अजून बोचतं.

झटपट उपाय होता: आवाजाच्या बेरजेतून १५ गुणिले ट्रान्झिशन वजा करा. त्या संध्याकाळी तेवढ्यानं भागलंही असतं. पण दोन थरांची दोन गणितं तशीच राहिली असती आणि उद्या कुणी फेडच्या ठरावीक वेळेऐवजी स्प्रिंग (स्प्रिंगसारखी हळूहळू स्थिरावणारी गती) लावली असती, तर पुन्हा हेच. स्प्रिंगची लांबी वेगळी दिली नाही तर ती किती फ्रेममध्ये स्थिरावते हे तिच्या ताठपणावर आणि फ्रेमच्या वेगावर ठरतं. तो आकडा कोडमध्ये कुठे लिहिलेला नसतो, टायमिंगलाच विचारून घ्यावा लागतो. शिवाय दुसरा गुंता होता. नुसती वजाबाकी केली असती तर एका दृश्याचा आवाज संपण्याआधी पुढच्याचा सुरू झाला असता, कारण दृश्याची लांबी आवाजाइतकीच धरलेली होती.

मग आम्ही वेळेचं सगळं गणित एकाच फंक्शनमध्ये आणलं. ते आधी प्रत्येक आवाजाच्या फाइलची लांबी मोजतं आणि तिच्या फ्रेम करतं, पूर्णांक वरच्या बाजूला धरून, म्हणजे शेवटचं अक्षर कापलं जात नाही. दृश्याची लांबी म्हणजे आवाज अधिक आत येण्याचं ट्रान्झिशन अधिक बाहेर जाण्याचं. आवाज सुरू होतो तो आत येणं पूर्ण झाल्यावरच. समजा पहिल्या दृश्याचा आवाज १८६ फ्रेमचा आणि दुसऱ्याचा २४०. पहिलं दृश्य २०१ फ्रेम चालतं, दुसरं १८६व्या फ्रेमला उगवायला लागतं आणि त्याचा आवाज २०१व्या फ्रेमला येतो. मधल्या १५ फ्रेम कुणीच बोलत नाही, फक्त चित्र बदलतं. एकूण लांबीही तेच फंक्शन सांगतं, आणि रेंडर सुरू होण्याआधीच ती व्हिडिओला दिली जाते. आवाज आता वेगळ्या थरात नाही, ज्याच्या-त्याच्या दृश्याच्या आतच बसवला आहे. दृश्य हललं की आवाज त्याच्यासोबत हलणार.

त्यातच ट्रान्झिशनच्या निवडीचाही विषय निघाला, आणि त्यावर माझं मत ठाम आहे. शिकवण्याच्या व्हिडिओत वाइप, म्हणजे जुनं चित्र एका कडेनं पुसत नवं आणणं, नको. अर्ध्या पडद्यावर कुलूप आणि अर्ध्या पडद्यावर उघडा व्हॉल्व्ह, असं चित्र अर्धा सेकंदसुद्धा दिसता कामा नये. पायरी ते पायरी आम्ही छोटा फेड ठेवला आणि सगळ्या सरकणाऱ्या-फिरणाऱ्या गमती काढून टाकल्या. 'दाब मोकळा करा' आणि 'खात्री करा' यांच्या मधे तर सरळ कट. तिथे पाहणाऱ्याला आता नवीन काम सुरू झालं हे झटक्यात कळायला हवं.

दुरुस्ती बरोबर झाली हे सिद्ध कसं करायचं? सगळे व्हिडिओ बसून बघणं शक्य होतं, पण थकलेल्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. सहकारीनं कोपऱ्यात एक पट्टी काढणारा छोटा कंपोनंट लिहिला. वरच्या ओळीत पडद्यावरच्या दृश्याचा क्रमांक, खालच्या ओळीत ऐकू येणाऱ्या आवाजाचा. आधी आम्ही ती जुन्या आवृत्तीवर लावली. चित्र २, आवाज १. चित्र ५, आवाज ४. आणि मग चित्र ७, आवाज ६, हे तर किती वेळ तसंच राहिलं! इतका वेळ जे कानाला नुसतं 'काहीतरी विचित्र' वाटत होतं, ते डोळ्यांसमोर आकड्यांत उभं राहिलं. मग नवी आवृत्ती. दोन्ही ओळी जोडीनं बदलत गेल्या, फेडच्या वेळी खालची ओळ रिकामी आणि लगेच पुन्हा जोडी. रिमोशनमध्ये एकच फ्रेम चित्र म्हणून काढता येते. प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक आवाजाच्या मधोमधची फ्रेम काढून आम्ही एकेका यंत्राचं एकेक पान केलं. पानावर नजर फिरवली की सगळ्या जोड्या जुळलेल्या दिसतात.

फ्रेम इतक्या जवळून पाहिल्यामुळे आणखी एक गोष्ट हाती लागली. शीर्षकं एकेक अक्षर टाइप होत यायची, त्यासाठी कोड मजकुराचे सरळ तुकडे पाडत होता. इंग्रजीत ते चालतं. 'ऊर्जा' या शब्दाचं मात्र काय व्हायचं बघा: आधी 'ऊर', मग 'ऊर्', मग एकदम रफार उडी मारून 'ऊर्ज', आणि शेवटी 'ऊर्जा'. कानामात्रा, जोडाक्षरं क्षणोक्षणी मोडून पुन्हा जुळायची. ज्यांना वाचन फारसं सवयीचं नाही त्यांच्यासाठी हे व्हिडिओ आहेत, त्यांना अशी लुकलुकणारी अक्षरं कशाला दाखवायची? शीर्षक आता शब्दाशब्दानं येतं. एका कंपोनंटमध्ये बदल केला आणि सगळ्या यंत्रांच्या शीर्षकांची अक्षरं स्थिर झाली.

रात्री सगळे व्हिडिओ पुन्हा रेंडरला लावले. आता एकूण लांबी आणि शेवटच्या दृश्याचा शेवट जुळला नाही तर रेंडर सुरूच होत नाही, अशी तपासणीही घालून ठेवली.

सरांनी नवा व्हिडिओ प्रेसच्या शेजारी उभं राहून पाहिला, हातात छापील पायऱ्यांचा कागद आणि सोबत देखभाल करणारा अनुभवी कामगार. त्या कामगारानं एकच सुधारणा सुचवली. दाब सोडल्यावर गेजचा काटा शून्यावर यायला वेळ लागतो आणि नवी मुलं तेवढं थांबत नाहीत, म्हणून तिथे निवेदन संपल्यावरही काटा उतरताना दाखवा, घाई करू नका. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आम्ही त्या दृश्याला आवाजानंतरची आठ सेकंदं दिली, माहितीच्या फाइलमध्ये एक आकडा. पुढची सगळी दृश्यं, त्यांचे आवाज आणि व्हिडिओची लांबी आपोआप २४० फ्रेमनी सरकली, पट्टीवरच्या जोड्या जशाच्या तशा राहिल्या, आणि दाबावर चालणाऱ्या बाकीच्या यंत्रांनाही आम्ही त्याच दिवशी तेवढाच वेळ दिला.