सूर्यफुलाचा तांबेरा : अखेर पेले दिसले!

विनिपेग, जून अखेर. गेल्या खेपेला लिहिलं होतं की सप्टेंबरात गोळा केलेली, तांबेरा या बुरशीरोगाच्या काळ्या पुळ्यांची सूर्यफुलाची पानं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून बाल्कनीच्या कठड्याला बांधली आहेत. उणे तीसची थंडी खाल्ली त्यांनी. तेच हवं होतं, कारण पुळ्यांतले हे काळे बीजाणू (बुरशीचं जणू बी) हिवाळा काढल्याशिवाय सहसा रुजत नाहीत. एक पुळी सुईनं खरवडून काचेवर घेतली, तर दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग लांब पारदर्शक देठाला लावावी तसा एकेक बीजाणू, रंग काथ्यासारखा.

मे महिन्यात कुंड्यांत सूर्यफूल पेरलं. रोपं वर आल्यावर भिजवलेली पानं त्यांच्यावर टांगली आणि रात्री प्लास्टिकची पिशवी पांघरली. रोपांची पहिली तुकडी वाया गेली, पिशवी दुपारपर्यंत तशीच राहिली आणि रोपं उकडून आडवी झाली. दुसऱ्या तुकडीत नवव्या दिवशी पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके आले. भिंगातून पाहिलं तर ठिपक्यावर चिकट मधाचे बारीक थेंब चमकत होते.

याच थेंबांसाठी हा सगळा खटाटोप. गव्हाच्या तांबेऱ्याला दुसरं झाड लागतं, सूर्यफुलाचा मात्र आपले पाचही अवतार, म्हणजे बीजाणूंचे पाच टप्पे, एकाच जातीच्या झाडावर उरकतो. हे थेंब कशासाठी असतात ते क्रेगी या वनस्पतिरोगतज्ज्ञानं याच शहरात, डोमिनियन रस्ट रिसर्च लॅबोरेटरी या तांबेऱ्यावरच्या प्रयोगशाळेत, सूर्यफुलाच्या तांबेऱ्यावरच शोधलं. १९२७ साली त्यानं दाखवलं की एका ठिपक्याचा मध दुसऱ्यावर नेला तर पानाच्या खालच्या बाजूला पेले, म्हणजे पुढच्या बीजाणूंच्या इवल्या वाट्या, धरतात. एरवी माश्या हे काम करतात. ठिपके दोन जातींचे असतात. मध विरुद्ध जातीचा मिळाला तरच जमतं, म्हणून निम्मे प्रयत्न फसणार हे धरूनच चालायचं.

माझे ठिपके दहा. सहांवर बारीक ब्रशनं मध फिरवला, चार ठिपक्यांचं रोप जुन्या ओढणीखाली झाकलं. पाचव्या दिवशी पान उलटं केलं आणि ओरडलेच! सहापैकी तिघांच्या खाली नारिंगी पेल्यांचा घोळका, प्रत्येकाची कड पांढरट आणि कातरलेली.

मात्र झाकलेल्या चारांतही एकाखाली पेले आहेत. ओढणीत चिलटं शिरली असावीत (एक आत सापडलंही), किंवा तो ठिपका मुळातच दोन शेजारी डागांचा मिळून झालेला असेल. दुसरी शक्यता मला जास्त पटते, कारण ठिपका इतरांपेक्षा लांबट आहे. म्हणजे माझा हिशेब तीन विरुद्ध शून्य असा नाही. पुढच्या वेळी दोन ठिपक्यांत बोटभर अंतर असलेलीच पानं निवडणार आणि ओढणीऐवजी मलमलचं कापड वापरणार.

आईला लातूरला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन : "अगं, तांबेरा येऊ नये म्हणून आम्ही औषध मारतो आणि तू तो पाळतेस?" पाळतेय खरी, पण बाल्कनीतच. काम झालं की रोपं पिशवीत बांधून कचऱ्यात.

आज संध्याकाळी पेल्यांतली नारिंगी पूड एका कोऱ्या रोपावर झटकली, पाणी फवारलं, पिशवी घातली. सकाळी सहाचा गजर लावलाय, पिशवी काढायला.