उजवा पंख

"उजवा पंख पाहिलास का?"

सरांनी हे विचारलं तेव्हा माझं तीन महिन्यांचं काम टेबलावर पसरलेलं होतं. एका चिलटाच्या डाव्या पंखाचं चित्र, एकेक शीर मोजून काढलेलं. मादी, लांबीला जेमतेम दीड मिलिमीटर, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी राळेत अडकलेली. पंखाच्या मधल्या शिरेला दोन फाटे फुटतात. त्यातला खालचा फाटा पंखाच्या कडेला पोचण्याआधीच संपत होता. तसं चिलट मला कुठल्याच जुन्या वर्णनात सापडलं नव्हतं. नवी जात मिळाली, असं मी मनाशी धरून चालले होते.

"उजवा दिसत नाही सर. मध्ये बुडबुडे आहेत."

"मग एका पंखावर नाव देणार?"

हा खडा सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतला. मी नवापूरची. सुरतेच्या गाडीने जाता-येता लहानपण गेलं, पण त्या बाजूच्या कोळशात तृणमणी निघतो हे मला एम.एस्सी.ला येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तृणमणी म्हणजे अश्मीभूत राळ. इथली राळ सालाच्या कुळातल्या झाडांची आहे, म्हणजे ज्या सालाची राळ आपण धुपाटण्यात टाकतो त्याच्याच प्राचीन भाऊबंदांची. घासकागदावर खडा घासू लागलं की हलकासा वास येतो आणि मला दर वेळी घरातला देव्हारा आठवतो.

२०१० साली या खाणींतल्या तृणमण्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १५० किलो राळेतून ७०० हून जास्त कीटक आणि कोळी निघाले होते. भारत तेव्हा बेटासारखा उत्तरेकडे सरकत होता, असं आपण शिकतो. इतका काळ एकटं राहिलेल्या भूमीवर जगावेगळे जीव मिळायला हवे होते. मिळाले ते युरोप, आशिया, अगदी अमेरिकेतल्या कीटकांचे सोयरे. म्हणजे किडे ये-जा करत होते. कोण कुणाचा सोयरा, हे ठरतं ते अशाच शिरा आणि केस मोजून. मी दुमडलेल्या पंखाला नवी जात म्हटलं, तर त्या सोयरिकीच्या नकाशावर एक खोटा ठिपका पडतो, आणि छापलेलं नाव पुसायला पुढच्या कुणाची तरी वर्षं जातात. सरांचा प्रश्न म्हणून मला लागला.

तसल्याच चिलटाचा दुसरा एक खडा आमच्याकडे होता, भेगाळलेला आणि गढूळ. भिंगाखाली त्यातून फक्त सावली दिसायची. वस्तानच्या राळेचं एक वेगळेपण आहे. ती बाल्टिकच्या तृणमण्याइतकी पक्की झालेली नाही, त्यामुळे क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळते आणि आतला जीव सुटा काढता येतो. पण एकदा काढला की परत ठेवता येत नाही. पहिल्या खड्याला आम्ही हात लावणार नव्हतो. दुसऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, नोंदवहीत सही केली, आणि वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली काचेच्या वाटीत तो द्रावकात सोडला.

गुळाचा खडा पाण्यात विरतो ना, तसं झालं. आधी कडा मऊ पडल्या, मग राळ तारेसारखी ओघळू लागली. मी भिंगावरून डोळा काढला नाही. आधी मागचा एक पाय मोकळा झाला, त्यावरचे केस जागच्या जागी. मग मिशा. त्यांचे मण्यांसारखे तेरा भाग मोजले, शेवटचे पाच लांबट, मादीचेच. पाच कोटी वर्षांत त्या पायाला राळेशिवाय दुसऱ्या कशाचा स्पर्श झाला नव्हता, आणि आता त्याच्याजवळ माझा कुंचला होता. श्वास धरून मी हात थांबवला. एक पंख मुळापाशी सुटला, द्रावकात तरंगला. बारीक कुंचल्याने तो उचलून काचपट्टीवर घेतला. मग दुसरा.

खालचा फाटा दोन्ही पंखांत कडेपर्यंत गेलेला होता.

पहिला खडा पुन्हा घेतला, प्रकाश तिरका पाडला. त्या जागी पंखाची कड आत वळलेली होती. शीर संपत नव्हती, घडीखाली जात होती. तीन महिने मी त्या घडीचं चित्र काढत होते. सर काही बोलले नाहीत, चहा आणायला गेले.

मी सुट्या चिलटाकडे परतले, कारण ते कोरडं पडू देऊन चालणार नव्हतं. पाय सरळ करताना नखं दिसली. रक्त पिणाऱ्या चिलटांची नखं लहान असतात. ही लांब होती, बुडाशी एकेक दात. जबड्यालाही जाड दाते. ही रक्त पिणारी नव्हती, शिकारीण होती. या कुळात आजही अशा माद्या आहेत. उडता उडता दुसरे बारके किडे धरतात आणि शोषून घेतात, काही तर स्वतःच्याच जातीचा नर. वस्तानच्या जंगलात कुठल्या तरी थव्यात शिरून हिने हेच केलं असेल, आणि मग एका सालाच्या खोडावर टेकली असेल.

पहिल्या खड्यात नखं बुडबुड्यांमागे होती, म्हणून मी ती कधी पाहिलीच नव्हती. खडा अंशाअंशाने कलवत गेले. तासाभराने दोन बुडबुड्यांच्या फटीतून एका नखाचं टोक दिसलं, मग त्याच्या बुडाचा दात.

सर आले, चहा बाजूला ठेवून बराच वेळ भिंगात पाहत राहिले.

"पंख आणि नखांची ही जोडी तुला कुठल्या वर्णनात सापडते का बघ," ते म्हणाले. "बाल्टिक, म्यानमार, सगळं बघ. आणि चित्र नखांपासून सुरू कर."

मी पंखाचं चित्र फाइलला लावलं, त्यावर तारीख आणि 'घडी' एवढं लिहिलं, आणि कोरा कागद घेतला.