तुम्ही विचारलंत म्हणून

दर चवथीला डिचोलीच्या घरी आरती होऊन नेवऱ्या पानात पडल्या की काका विचारतातच, "काय गो, तुझ्या चिखलातून औषध सापडलं की नाही अजून?" सगळे हसतात. यंदा आतेभाऊ हसला नाही. आत्याचा मूत्रमार्गाचा संसर्ग तीन अँटिबायोटिकांना दाद देत नव्हता. तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सापडतं हो, नेहमी सापडतं! रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जायचं, ओहोटीला खारफुटीच्या मुळांतला काळा चिखल डब्यांत भरायचा. तो वाळवून, पाण्यात कालवून प्लेटवर पसरला की आठवड्याभराने खडूच्या भुकटीसारखे ठिपके उगवतात. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास. हे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे मातीतले जंतू; १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक याच कुळातून मिळालं.

ठिपक्याभोवती दुसरे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडलं की पूर्वी मी नाचायचे. आता आधी विचारते, तू कोण? कारण मातीतल्या या गोतावळ्यात साधारण दहांत एक जण स्ट्रेप्टोथ्रिसिन नावाचं अँटिबायोटिक बनवतो. जुनंच, आणि मूत्रपिंडाला घातक. जंतू फिनाईलनेही मरतात, पण ते पिणार कोण?

शिवाय मातीतले बहुतेक जंतू प्लेटवर उगवतच नाहीत. अमेरिकेत काही संशोधकांनी त्यांना बारीक पडद्यांमध्ये कोंडून परत मातीतच पुरलं. माहेरी ठेवल्यावर ते वाढले, आणि २०१५ साली त्यांतून मिळालेलं टेक्सोबॅक्टिन हे नवं अँटिबायोटिक जाहीर झालं. ही युक्ती मला फार आवडते. पण ई. कोलाय, क्लेबसिएला या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून टेक्सोबॅक्टिन आत शिरत नाही. आत्याला छळणारे बहुधा याच जातीचे.

आणि सापडून, मंजूर होऊनही भागत नाही. मूत्रमार्गाच्या हट्टी संसर्गावरच्या प्लाझोमिसिनला २०१८ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. ते बनवणारी कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. नवं औषध डॉक्टर शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवतात, तसंच ठेवायलाही हवं. मग ते खपणार किती?

आत्या अखेर ॲमिकासिनच्या इंजेक्शनांनी बरी झाली. तेही स्ट्रेप्टोमायसिसच्याच एका औषधावरून घडवलेलं, सत्तरच्या दशकातलं.

"म्हणजे जुनंच चाललं म्हणायचं," काका म्हणाले.

"यावेळी चाललं, काका."