त्रिकोणी काचेची कडी

परवा भर दुपारी माटुंग्याच्या सिग्नलला आमच्या फियाटच्या त्रिकोणी काचेची कडी माझ्या हातात आली. मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पुढच्या दाराच्या काचेला लागून ती तिकोनी छोटी काच असते ना, तिची कडी. अंगठ्याच्या पेराएवढा क्रोमचा तुकडा. तो नसला तरी गाडी सुरू होते, गिअर पडतो, ब्रेकही (त्याला वाटेल तेव्हा) लागतो. शेजारच्या स्कूटरवाल्याने माझ्या तळहातावरचा तुकडा पाहिला आणि म्हणाला, "टेप लावा ना ताई, चिकटपट्टी." दिवा हिरवा झाला नि तो गेला.

चिकटपट्टी! काही लोकांना जगात सगळं चालतं.

एसी आला आणि ही काच गेली, हे मला मुळीच पटलेलं नाही. मोठी काच उघडली की वारा सगळ्यांना सारखा आणि कुणालाच धड नाही. ही काच मात्र बोटाने फिरवायची, कोन जुळवायचा, आणि वारा नेमका आपल्या तोंडावर घ्यायचा. मे महिन्यात आम्ही गावी निघालो की पुढच्या सलग सीटवर बाबा, मधे मी आणि कडेला आई. मधे बसायचं तर गिअरचा त्रास नाही, कारण तो स्टिअरिंगच्या दांड्यावर. आईच्या बाजूची काच कुणाच्या तोंडावर वळवायची, यावर पनवेलपासून भांडण सुरू व्हायचं ते पोलादपूरपर्यंत.

पोलादपूर गेलं की कशेडी घाट. तिथे भांडण आपोआप मिटायचं, कारण गाडी बंद पडायची. निम्मा घाट चढला की इंजिन तापायचं, इंजिनाला चिकटून असलेला पेट्रोल पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि मग पंप नुसती वाफ ओढत बसायचा. बाबा शांतपणे उतरायचे. बॉनेट वर. डिकीतून कॅन. पंचा भिजवून, पिळून, पंपावर ठेवायचा. मग सगळ्यांनी कडेच्या दगडावर बसून शेंगदाण्याचे लाडू खायचे. पुढे-मागे आणखी दोन-तीन फियाट तशाच तोंड उघडून उभ्या असायच्या आणि त्यांच्याही पंपांवर ओले पंचे. बाबा त्या लोकांशी "पॉइंट कधी बदलले?" वगैरे बोलायचे. एरवी मोजून बोलणारा माणूस. आई म्हणायची, लग्नात एवढं बोलले असते तर बरं झालं असतं.

तर कडी.

गाडी कुठली, हे विचारल्याशिवाय जुन्या पार्टवाले पुढे सरकत नाहीत. 'फियाट' एवढं उत्तर म्हणजे काहीच नाही. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी ती डुक्कर फियाट. मग १९६४ पासूनची अकराशे डिलाइट. तिचीच पुढे थोडा काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच १०८९ सीसी, अंगलट तीच, बॉनेटवरून फियाट हे नाव गेलं, लोकांच्या तोंडातून काही गेलं नाही. आमची प्रेसिडेंट. बाबांनी ती ऐंशीच्या दशकात जुनी घेतली, 'पारशी डॉक्टरची, एकहाती'. त्या काळी विकायला निघालेली प्रत्येक फियाट पारश्याचीच असायची. एवढे पारशी मुंबईत होते कुठे, हे कुणी विचारायचं नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले. गंमत म्हणजे ही गाडी जन्मली ती कुर्ल्यातच, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. कारखाना गेला, जागेवर उंच इमारती आल्या, रस्त्याला मात्र अजून प्रीमियर रोड म्हणतात. आणि तिथून फार लांब नाही अशा अंतरावर, फुटपाथवर दारं, जाळ्या, बंपर, सायलेन्सर यांचे ढीग.

"ड्रायव्हर ने भेजा है?" पहिल्या दुकानाचा पहिला प्रश्न. गाडी माझी, चालवते मीच, हे ऐकून त्याने कडी माझ्या हातातून काढून शेजारच्या पोऱ्याच्या हातात दिली. दुसऱ्या दुकानात एक म्हातारे चाचा होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तुकडा डोळ्याजवळ नेला.

"ड्रायव्हर साइड?"

"नाही चाचा, क्लीनर साइड." म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारची, डावी बाजू.

मान डोलली. मग "लोखंडाचा नाही हा, ओतलेला आहे. वेल्डिंग मारलं तर वितळून जाईल" असं हिंदीत सांगून झालं, आणि एक पत्र्याचा डबा जमिनीवर पालथा झाला. त्या डब्यात काय नव्हतं! हँडलं, नॉब, काचा फिरवायच्या दांड्या, मोनोग्रामची सुटी अक्षरं, कुठल्या तरी अँबेसिडरची किल्ली. आम्ही दोघं उकिडवे बसून चाळत राहिलो. ड्रायव्हर साइडच्या कड्या ढीगभर. क्लीनर साइडची एकही नाही. असं का व्हावं? मोडायला हवी ती ड्रायव्हरची, रोज तीच उघडते. त्यावर चाचांचं म्हणणं असं की म्हणूनच तिचा माल जास्त बनला, दुसरीचा बनलाच नाही. हे खरं असेल किंवा नसेल, मला तेव्हा फार पटलं.

मग त्यांनी एक कुठल्या तरी व्हॅनची कडी काढली. "बैठ जाएगा." थोडी घासायची, एक वॉशर टाकायचा. आणि इथे माझं घोडं अडतं. असे 'बसणारे' पार्ट मला नको असतात. आमचे मिस्त्री याच गोष्टीवरून माझ्यावर चिडून असतात. त्यांच्या मते गाडीत बॅटरी आणि माणसं सोडून सगळं घासून बसवता येतं. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावू या, कार्बोरेटर दुसरा टाकू या, सकाळी चोक ओढायची कटकट नको, असं ते दर खेपेला सुचवतात. म्हणतात ते शहाणपणाचंच. मी नाही म्हणते. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. जुना सोलेक्स कार्बोरेटरच बरा, एवढंच म्हणते आणि चहा मागवते.

पण हा सोवळेपणा मिरवावा, तर आमच्या गाडीच्या डाव्या मडगार्डकडे बघायचं नाही. ते टॅक्सीचं आहे. मूळचं गंजून गेलं तेव्हा बाबांनी असंच कुठून तरी उतरवून आणलं. मुंबईच्या टॅक्सीला मीटर बाहेर, डाव्या बाजूला असायचं. त्याची भोकं पत्रा आणि पुट्टी मारून बुजवली आहेत. दर पावसाळ्यानंतर रंगाखाली तिथे पुसट वर्तुळं दिसायला लागतात. फुटपाथवरून कुणी "टॅक्सी!" म्हणून हात केला तर बाबा दुखावायचे. आपली प्रायव्हेट आहे, काळी-पिवळी नव्हे! आणि गाडी धुऊन झाली की त्या मडगार्डला टेकून उभे राहायचे.

खरं म्हणजे आम्ही सगळे हौशी फियाटवाले टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जगलो. डिस्ट्रिब्युटरची कॅप, व्हील सिलेंडर, इंजिन माउंटिंग, दाराचं रबर, हे गल्लोगल्ली मिळत होतं ते आमच्या हौसेसाठी नाही. दिवसभर धावून ज्यांना संध्याकाळी हप्ता भरायचा होता, त्यांना गाडी एक दिवस उभी ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून मिळत होतं. गाडी बनायची थांबली २००० च्या आसपास, पण आम्हाला ते जाणवलंसुद्धा नाही. २००८ साली टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये ती २० झाली. गाड्या कटिंगला, म्हणजे भंगारात, जायला लागल्या आणि काही वर्षं आमची चंगळ झाली. अख्खी दारं काचांसकट मातीमोल भावात. तेव्हा त्या दारांकडे मी फक्त रबर चांगलं आहे का, एवढंच बघत होते. एका टॅक्सीच्या डॅशबोर्डवर आई एकवीरेचा फोटो तसाच होता. दुकानदाराने तो काढून बाजूला ठेवला आणि मग घासाघीस सुरू झाली.

ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. म्हणजे २० वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, संपलंच. पेपरांत फोटो आले, लोक हळहळले, मीही हळहळले. आणि त्याच संध्याकाळी मिस्त्रींना फोन करून ब्रेकची किटं घेऊन ठेवायला सांगितली.

चाचांनी नंबर लिहून घेतला आहे. क्लीनर साइडची आली तर कळवतील. तोवर काच आतून सुतळीने बांधली आहे. (सुतळी. चिकटपट्टी नव्हे.)

हल्ली भाचा मागे लागला आहे, गाडीला पन्नास वर्षं होऊन गेली, व्हिंटेजची नोंदणी करून घे, नंबरात ती 'व्हीए' अक्षरं मिळतील. २०२१ चा नियम आहे. मूळ रूप फार बदललेलं नसावं, ही अट. मडगार्डबद्दल कुणी विचारेल असं वाटत नाही. पण आणखी एक अट अशी की मग गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, मग आत्ता वेगळं काय चाललंय?

अर्ज आणून ठेवला आहे. पण आईला गुरुवारी दादरला फुलं घ्यायला जायचं असतं, आणि ते रॅलीत कसं बसवायचं, ते काही सुचत नाही.