पाय सोडा, अण्णा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी नर्स आहे. कामगार मला सिस्टर म्हणतात. वाफेचे चटके, कापलेली बोटं, उन्हाळ्यात चक्कर, एवढ्यातच माझी शिफ्ट संपते. मे महिन्यातल्या त्या दुपारी डाइंगमधला, म्हणजे रंगाई खात्यातला, पोरगा धावत आला. "सिस्टर, चला, माणूस पडलाय. फिट आलीय."

फिट नव्हती. चाळिशीचा गडी ओल्या फरशीवर उताणा पडला होता. एकानं नाकाशी चप्पल धरलेली, दुसऱ्यानं अंगावर बादली रिकामी केलेली. खांदे हलवले, हाका मारल्या, काहीच नाही. अधूनमधून पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तोंड वासायचा. "श्वास चालूय की," मागून कुणीतरी म्हणालं. याच आचक्यांनी लोक फसतात. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ असे आचके येतात, त्याला श्वास म्हणत नाहीत.

एकाला १०८ लावायला सांगितलं, एकाला एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं मशीन, आणायला पिटाळलं. चौघांनी धरून त्याला साचलेल्या पाण्यातून कोरड्या पॅसेजमध्ये ओढलं आणि मी छाती दाबायला लागले. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल. ऐकायला सोपं वाटतं. दोन मिनिटांत माझे दंड भरून आले आणि फायर ड्रिलमध्ये शिकलेल्या एका पोराला मी जागा दिली.

मशीन मात्र येईना. ते ऑफिसातल्या कपाटात कुलपात होतं. "बाहेर लावलं तर चोरीला जाईल," असं मला वर्षभर ऐकवलं जात होतं. किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर चहाला. शेवटी पोरांनी कपाटाची काच फोडली. छातीही दाबली नाही, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आम्ही निदान दाबत तरी होतो.

झाकण उघडताच मशीन इंग्रजीत बोलायला लागलं. शर्ट कापला. घाम आणि वर ते बादलीभर पाणी, छाती निथळत होती. ओल्या कातडीवर मशीनचे पॅड चिकटत नाहीत, आणि करंट हृदयातून जाण्याऐवजी पाण्यावरून एका पॅडकडून दुसऱ्याकडे पळतो. टॉवेलच्या कारखान्यात टॉवेल मागायला लागू नये, पण "टॉवेल द्या रे!" असं मला ओरडावं लागलं. मग मात्र पाच आले.

गळ्यातला ताईत बाजूला सरकवला. एक पॅड उजव्या हासळीखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली, बरगडीवर. उजवीकडचा बसेना, दाट केस. पेटीत रेझर असायला हवा होता. कुणीतरी आपल्या दाढीसाठी नेला असणार. पॅड घट्ट दाबून जोरात उपटला, केस त्याच्याबरोबर आले. पेटीतला दुसरा जोड काढून लावला, तो बसला.

मशीन म्हणालं, हात लावू नका, तपासतोय. पोरानं हात उचलले. तेवढ्यात माझी नजर पायांकडे गेली. पेशंटचा थोरला भाऊ खाली बसून त्याचे तळवे चोळत होता. कुणी हात लावला, हलवलं, तर मशीनचा अंदाज चुकू शकतो. आणि ते शॉक द्या म्हणालं की करंट धरणाऱ्यालाही लागू शकतो. "पाय सोडा, अण्णा!" ऐकूच गेलं नाही. घरात तेलुगू बोलणारा माणूस, त्यात मशीनची इंग्रजी बडबड. डाइंगमध्ये राहून जे चार शब्द शिकले होते त्यातला एक आठवला. "मुट्टुकोद्दु!" म्हणजे हात लावू नको. आणि त्याच्या मनगटावर फाटकन एक दिली.

तो मागे सरकला. डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवली, कुणाचा हात नाही, गुडघाही टेकलेला नाही. "सगळे बाजूला!" बटण दाबलं. अंग एकदा उसळलं. लोकांना वाटतं आता उठून बसेल. नाही बसत. लगेच पुन्हा छाती दाबायची, नाडी शोधत बसायचं नाही.

दोन मिनिटांनी मशीननं परत तपासलं आणि सांगितलं, शॉकची गरज नाही. भावानं हंबरडाच फोडला. त्याला वाटलं, मशीननंही हात टेकले. पण याचा अर्थ मेला असाही नव्हे आणि बरा झाला असाही नव्हे. शॉकनं सुधारेल अशी लय आत्ता सापडत नाही, इतकंच. पुन्हा दाबायला घेतलं. पाऊण मिनिटात त्यानं पोराचा हात ढकलला आणि कण्हला. मग थांबलो, कुशीवर वळवलं. पॅड काढले नाहीत, मशीन बंद केलं नाही, तसाच १०८ मधून सिव्हिलला गेला.

महिन्याभरानं तो गेटवर भेटायला आला, भावाबरोबर. भाऊ भेटेल त्याला मनगट दाखवत होता, "सिस्टरनी मारलं बघा इथं."

पेटी आता हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी भिंतीवर आहे, बिनकुलपाची. आत रेझर, कात्री, पॅडचे दोन जोड आणि आमच्याच कारखान्याचा एक नॅपकिन. सेकंडचा माल आहे, काठ वाकडा गेलाय, पण पाणी चांगलं टिपतो.