म्युझियममध्ये कार्यक्रम कशाला?

‘म्युझियम ही निवांत बघायची जागा. तिथे गाणीबजावणी, मुलांच्या कार्यशाळा, बायकांच्या सहली, हे सगळं कशाला भरवायचं?’ हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. विचारणारे काही म्युझियमचे वैरी नसतात. उलट जे स्वतः नेमाने जातात, पाटी अन् पाटी वाचतात, तेच वैतागून विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

मी परळ-लालबागच्या पट्ट्यात महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर आमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ, दोन-तीन महिला मंडळं आणि सुट्टीत रिकामी फिरणारी पोरं यांना गोळा करून संग्रहालयांत नेते. कुठे काही कार्यक्रम असला की बघते, नसला तर आम्हीच आमचा कार्यक्रम. मला कोणी नेमलेलं नाही आणि इतिहासाची पदवीही नाही. त्यामुळे माझं उत्तर हे नेणाऱ्या बाईचं उत्तर आहे, तेवढंच समजा.

आमचं हक्काचं ठिकाण म्हणजे भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेच्या दाराशीच आहे. गिरणगावातला एक माणूस दाखवा जो राणीच्या बागेत गेला नाही. पूर्वी हत्ती, पाणघोडा बघायला जायचे, आता पेंग्विन. पण शेजारची ती देखणी इमारत कसली, असं विचारलं की निम्मे म्हणतात, ‘काहीतरी सरकारी ऑफिस असेल.’ आमच्या संघातले एक काका जन्मभर भायखळ्याला कामाला होते, रोज तिच्यावरून जायचे. आत पहिल्यांदा आले ते सत्तरी उलटल्यावर. आत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘चपला काढायच्या का?’ तो खांबांवरचा सोनेरी मुलामा, ती नक्षीची फरशी, समोर व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचा, अल्बर्टचा पांढराशुभ्र पुतळा. संकोच वाटणारच. हा संकोच मोडायला पाटी उपयोगी पडत नाही, माणूस लागतो.

आणि गंमत अशी की हे म्युझियम मुळात लोकांनीच उभं केलेलं आहे. 1851 साली लंडनला मोठं प्रदर्शन भरलं, त्यानंतर मुंबईतही इथल्या मालाचा, कारागिरीचा संग्रह असावा असं वारं सुरू झालं. थोडाफार संग्रह जमला, तो फोर्टातल्या बराकीत ठेवला. 1857 उजाडलं, बराकी फौजेसाठी रिकाम्या करायचा हुकूम निघाला आणि त्या धावपळीत संग्रहाची धूळधाण झाली. मग शहरातल्या मंडळींनी पुन्हा कंबर कसली. डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, डॉ. जॉर्ज बर्डवूड. वर्गण्या जमल्या, 1862 च्या नोव्हेंबरात पायाचा दगड बसला. पुढे कापसाच्या तेजीवर फुगलेला शेअरबाजार 1865 साली कोसळला, पैसा आटला, काम रखडलं. 2 मे 1872 ला एकदाचं ते लोकांसाठी उघडलं. भाऊ दाजी त्यानंतर दोनच वर्षांनी गेले. इमारतीला त्यांचं नाव मिळायला 1975 साल यावं लागलं, तोवर ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्टच्याच नावाने होतं. आता मला सांगा, वर्गणी काढून उभी राहिलेली वास्तू आहे. तिच्यात लोकांचा गलका झाला तर बिघडलं कुठे?

पोरांना मात्र मी हा इतिहास सांगत नाही. त्यांना आधी हत्तीकडे नेते. बाहेरच्या आवारात दगडी हत्ती आहे, तो घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना यारीने, म्हणजे क्रेनने, दगा दिला आणि हत्ती पडून फुटला. तुकडे मग या बागेत येऊन पडले आणि 1914 साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, अंगावर सांधे दिसतात. पोरं पंधरा मिनिटं सांधे शोधत बसतात. ‘बाई, हा शेपटीजवळचा धरला का?’ ‘बाई, चिकटवलं कशानं?’ एका मुलाने तर विचारलं, ‘पडला म्हणून राहिला, नाहीतर गेला असता ना?’ इयत्ता सहावी. त्यानंतर आत कितीही पुतळे दाखवा, तो प्रत्येकासमोर ‘हा कुठून आणला?’ एवढंच विचारत होता. मला त्याहून जास्त काही शिकवायचं नव्हतंच.

आत वरच्या मजल्यावर आमची गाडी सर्वांत जास्त अडते ती मातीच्या छोट्या प्रतिकृतींशी. मुंबईतल्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, कामधंदे, डोक्यावरच्या पगड्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घडवलेली कपाटंच्या कपाटं. साहेबाच्या डोळ्यांनी केलेली मांडणी आहे ती, माणसांचे नमुने मांडावेत तशी. हे मला खटकतं आणि मी तसं सांगतेही. पण आमच्या मंडळींना त्यात नमुने दिसत नाहीत, नातेवाईक दिसतात. पगड्यांच्या कपाटासमोर एकदा दोन आज्यांची जुंपली. एकीचं म्हणणं, तिच्या आजोबांची पगडी अशीच होती, ते ती रोज बांधायचे. दुसरी म्हणाली, ‘पगडी कोण रोज बांधतंय? ती बांधून तयारच मिळायची, टोपीसारखी ठेवायची डोक्यावर. रोज गुंडाळायचं ते मुंडासं.’ मग पदर खांद्यावरून ओढून तिने मुंडासं कसं गुंडाळतात ते तिथल्या तिथे करून दाखवलं. पहिला वेढा कपाळावर आडवा, मग तिरका, शेवटचं टोक आत खोचायचं की मागे सोडायचं यावरून पुन्हा वाद. बाजूला आलेलं एक कॉलेजचं टोळकं मोबाइल खाली ठेवून बघत होतं. शांतता भंगली म्हणाल तर भंगली. पण त्या पाटीवर फक्त कोणाची पगडी एवढंच होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडची बरीचशी स्थानिक संग्रहालयं राजेरजवाड्यांच्या तलवारींवर जगत नाहीत, ती वापरातल्या वस्तूंची आहेत. आणि या वस्तू वापरलेली माणसं अजून आपल्यात आहेत. फार दिवस नसतील. ती आहेत तोवर त्यांना वस्तूंसमोर उभं करून बोलतं करणं, याच्याइतकं निकडीचं काम म्युझियमला दुसरं नाही. कपाटाची काच पुढच्या वर्षी पुसता येईल.

पुण्याला आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो होतो, तिथे हे मला नीट कळलं. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे कवी. 1896 चा जन्म, 1990 साली गेले. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हे उभं केलं. पत्नी कमलाबाईंची साथ होती. गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं, दरवाजे, फण्या, पाय घासायच्या वज्ऱ्या असं वीसेक हजार वस्तूंचं भांडार जमवलं आणि 1975 साली सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. मांडलेलं आहे ते त्यातलं थोडंच. बाकी जागेअभावी आतच.

तर अडकित्त्यांच्या कपाटाशी आमच्या एक मावशी थबकल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, घरची सुपारी. पोरांपैकी कोणीतरी विचारलं, हे काय, पक्कड आहे का? मावशींनी पिशवीतून पानसुपारीची चंची काढली, चंचीतून स्वतःचा अडकित्ता. (तो दारावर तपासणीत कसा सुटला, हे मी विचारलं नाही.) सुपारी पात्याखाली धरली, बोटं मागे, नजर पोरांकडे, आणि बोलता बोलता कातर पडायला लागली. पातळ, सारखी, वर्ख असावा तशी. ‘जोर मनगटात नाही लावायचा, तळव्यात. आणि सुपारी फिरवायची, अडकित्ता नाही.’ तिथला पहारेकरी पुढे आला. मला वाटलं, आता ओरडणार. तो म्हणाला, ‘मावशी, तो मोराच्या आकाराचा आहे ना, त्याने खरंच कातरता येत असेल का? रोज बघतो, रोज मनात येतं.’ मावशींनी काचेला नाक लावून बघितलं आणि निकाल दिला: ‘दांडा आखूड आहे. पाहुण्यांपुढं ठेवायचा असणार. रोजचा नाही.’ खरं-खोटं तज्ज्ञ ठरवतील. पण रोजचा आणि पाहुण्यांपुढचा हा भेद मांडणीत कुठेच नव्हता आणि घरात सुपारी कातरलेल्या बाईला तो एका नजरेत दिसला. असं कोणी बोललं की तिथल्या तिथे टिपून घेणारा एक माणूस म्युझियमने शेजारी उभा करावा, याला मी खरा कार्यक्रम म्हणते. मंडप नको, माइक नको.

आता तुमच्या तक्रारीतला जो भाग मला शंभर टक्के मान्य आहे, त्याबद्दल. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, आम्हाला संग्रहालय दिनाचं आमंत्रण होतं. जगभर तो 18 मे ला असतो, म्हणजे आपल्याकडे ऐन उकाड्यात, पण मुलांना सुट्टी असते हे त्यातलं सुख. आम्ही चाळीतली तीस माणसं घेऊन गेलो. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, पाहुण्यांनी आपल्या बालपणीच्या आठवणी सांगितल्या, आभार झाले, आभार मानायचे राहिले त्यांचे पुन्हा आभार झाले. वेफर्स आणि पेढा हातात पडेपर्यंत दालनांची वेळ संपली होती. कुलूप! इतिहासाच्या अंगणातून तीस माणसं पेढा खाऊन परत. अशा कार्यक्रमांनी हजेरी वाढते, अहवालात फोटो येतात आणि माझी माणसं पुढच्या वेळी ‘बाई, गुडघे दुखतायत’ म्हणतात. तसंच ते आकाशकंदील-राखी-मातीचा गणपती करायच्या कार्यशाळांचं. वाईट काही नाही, पण त्या कुठल्याही शाळेच्या हॉलमध्ये होतात. तीच मातीकामाची कार्यशाळा भायखळ्याच्या त्या मातीच्या माणसांच्या कपाटापासून सुरू केली, आधी मुलांना बोटाएवढ्या पागोट्याची घडी बघायला लावली, तर ती तिथलीच होते. कार्यक्रमाची माझी एकच परीक्षा आहे: तो शेजारच्या सभागृहात हलवला तर काही कमी पडेल का? पडत नसेल तर हलवावा.

काही ठिकाणी ही समज आहे. भायखळ्याला ‘म्युझियम कट्टा’ नावाने मराठीतून कार्यक्रम होत, आणि मराठीतून हा शब्द महत्त्वाचा. इंग्रजीतून कितीही प्रेमाने बोलावलं तरी आमचे काका दारातच चपलांचा विचार करत थांबतात. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून चक्क बसच काढली, आत छोटं प्रदर्शन घेऊन शाळांच्या अंगणात जाऊन उभी राहते. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे जायचं, हे मला फार पटलं. लहान गावांतल्या संग्रहालयांना बस परवडणार नाही, पण रविवारी एका आजोबांना खुर्ची टाकून एका वस्तूशेजारी बसवायला काय खर्च आहे?

खुर्चीवरून आठवलं. तुम्ही शांतता मागता, मी खुर्च्या मागते. आपल्या संग्रहालयांत म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा नसते. एक दालन संपेपर्यंत पाय बोलायला लागतात आणि मग माणूस वस्तू बघत नाही, बाहेरचा रस्ता बघतो. ज्यांच्याकडून ऐकायचं तेच लोक सर्वांत आधी बाहेर पडतात. अभिप्रायाच्या वहीत मी दरवेळी खुर्च्या लिहिते. वही भरली की नवी येते, खुर्च्या अजून यायच्यात.

आणि तुमच्यासारख्यांना शांतपणेच बघायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. भायखळ्याचं म्युझियम कोविडपासून काही वर्षं बंद होतं, 2025 साली पुन्हा उघडलंय. कामाच्या दिवशी सकाळी उघडता उघडता जा. तासभर तुम्ही आणि पहारेकरी, दोघंच असाल. आम्ही बहुधा रविवारी येतो, तो दिवस चुकवा. फक्त बुधवारी जाऊ नका. त्या दिवशी म्युझियमही बंद आणि बागही.