क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर एकाच पालकाची सरशी

सकाळी प्लेट्स मोजायला घेतल्या आणि हात थांबला. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या प्लेटवर जवळजवळ प्रत्येक कॉलनी उगवली होती. यीस्टचे पालक दोन: पहिला क्लोरॅम्फेनिकॉल आणि एरिथ्रोमायसिनला दाद न देणारा, दुसरा दोन्हींना बळी पडणारा पण ऑलिगोमायसिन हे तिसरं औषध पचवणारा. हे प्रतिरोध मायटोकॉन्ड्रियल डीएनएत, म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या कप्प्यांच्या स्वतःच्या डीएनएत असतात. संकरात दोघांचे हे डीएनए मिसळतात, म्हणून वाटणी निम्मी-निम्मी धरली होती.

पहिला संशय माध्यमावर. ग्लुकोजवर ही औषधं फुकट जातात, कारण श्वसन बंद पडलं तरी यीस्ट किण्वनावर तगतं. पण आमच्या प्लेटमध्ये ३ टक्के ग्लिसरॉल (त्यावर श्वसनाशिवाय वाढ होत नाही) आणि मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम औषध होतं, आणि बळी पडणारा पालक तिथे उगवलाच नव्हता. दुसरा संशय घाईचा. संकरित पेशीत दोन्ही डीएनए सुमारे २० पिढ्या एकत्र नांदू शकतात. त्याआधी मखमलीवर कॉलन्यांचा ठसा घेऊन तो औषधाच्या प्लेटवर उमटवला तर मिश्र कॉलनीही प्रतिरोधक म्हणून मोजली जाते. पण आम्ही तेवढ्या पिढ्या वाढवूनच प्लेटवर पसरवलं होतं.

उलगडा ऑलिगोमायसिनच्या प्लेट्सनी केला (मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅम). तिथे वाटणी जवळपास समान! म्हणजे एका पालकाचा डीएनए जास्त पडला, असं नव्हतं. एरिथ्रोमायसिनचा कल पहिल्या पालकाकडेच, पण क्लोरॅम्फेनिकॉलपेक्षा सौम्य. क्लोरॅम्फेनिकॉल सोसणाऱ्या पण एरिथ्रोमायसिनला बळी पडणाऱ्या कॉलन्या पुष्कळ. उलटी जोडी शोधूनही हाताला लागेना.

ही ओमेगा नावाच्या इंट्रॉनची (जनुकाच्या मध्ये घुसलेल्या, आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्याची) करणी. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये जनुकशास्त्रज्ञ स्लोनिम्स्की, द्युजाँ आणि सहकाऱ्यांनी ती बारकाईने तपासली. मायटोकॉन्ड्रियल डीएनएतल्या २१एस आरआरएनए जनुकातला हा १,१४३ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) इंट्रॉन स्वतःच एक कात्री, म्हणजे डीएनए कापणारं प्रथिन बनवतो. ती १८ बेसची जागा ओळखून इंट्रॉन नसलेला डीएनए कापते. काप दुरुस्त होताना इंट्रॉनवाल्या प्रतीवरून नक्कल होते आणि शेजारचा भागही सोबत ओढला जातो. क्लोरॅम्फेनिकॉलची खूण (प्रतिरोध ठरवणारी जागा) इंट्रॉनला खेटून, एरिथ्रोमायसिनची जरा दूर. ऑलिगोमायसिनची खूण वेगळ्याच जनुकात, तिथवर ही ओढ पोचत नाही.

इंट्रॉन पहिल्या पालकातच आहे याच्या खात्रीसाठी त्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर (नक्कल सुरू करणारे छोटे तुकडे) लावून पीसीआर केला, म्हणजे तेवढ्याच भागाच्या असंख्य प्रती काढल्या. ७२ अंशांवर बँडच दिसेना. या डीएनएत ए आणि टी भरमसाट, म्हणून विस्ताराचं तापमान ६५वर आणलं. मग दिसलं: पहिल्या पालकाचा बँड १,१४३ बेसनी लांब, दुसऱ्याचा आखूड.

पुढच्या संकरात दोन्ही पालक इंट्रॉनवाले घेतले. क्लोरॅम्फेनिकॉलचा तो कल नाहीसा झाला.